चित्र उसवून दाखव

पोरांना राजा रविवर्मा शिकवायचे ठरवलेस ना, तर 'जन्म 29 एप्रिल 1848, किळिमानूर, त्रावणकोर संस्थान' या ओळीने सुरुवात करू नकोस. ही ओळ फळ्यावर पडली की पोरं वही काढतात, आणि वही निघाली की बघणं संपलं. तारखा नंतर मुलंच विचारतील. मी इतकी वर्षं चित्रकलेचे तास घेतले, त्यात एवढं नक्की कळलं की चित्रकाराचं चरित्र पोरांपर्यंत चित्राच्या मागच्या दाराने येतं, पुढच्या नाही.

आता तू म्हणतेस, तुझ्या सुटीतल्या वर्गात टॅब आहेत, कुणाकडे आईचा जुना मोबाईल आहे, आणि पालकांना 'काहीतरी डिजिटल' हवं आहे. हरकत नाही. उलट रविवर्म्यांसाठी ही साधनं फार सोयीची आहेत, आणि ती का ते आधी नीट समजून घे, कारण सगळी मेख तिथेच आहे. टॅबवरच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये 'लेअर' असतात, एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. रविवर्म्यांची जी चित्रं घराघरांत पोचली, ती अशीच थरांनी बनलेली होती. त्यांनी कॅनव्हासवर तैलरंगात काढलेलं चित्र राजवाड्यात राहायचं. तुझ्या पणजीच्या देवघरात लटकत होती ती छापील प्रत. ती दगडावरून छापलेली, आणि एका रंगाला एक दगड. पिवळ्याचा वेगळा, गुलाबीचा वेगळा, निळ्याचा वेगळा. एका चित्राला डझनभर दगडही लागत. तोच कागद एकेका दगडावरून जायचा आणि दर फेरीला एक रंग अंगावर घेऊन बाहेर यायचा.

तेव्हा मुलांकडून रविवर्म्यांचं चित्र 'काढून' घेऊ नकोस. गिरवायला दिलंस तर लक्ष्मीचा चेहरा बिघडतो, पोर हिरमुसतं, आणि हाताला काही लागत नाही. चित्र उसवायला दे. रंग वेगळे काढायचे आणि परत एकावर एक बसवायचे. कामाला लागल्यावर ज्याला 'कालपरवाचं कॅलेंडर' म्हणून कुणी बघतही नाही, त्यात किती अक्कल आहे हे मुलांना आपोआप कळतं.

चित्र कोणतं घ्यायचं? 'हंस-दमयंती' घे. 1899 चं चित्र. लाल साडीतली दमयंती उभी, शेजारी कठड्यावर पांढरा हंस. मोठे सलग भाग आहेत, रंग ठळक आहेत, आणि गोष्ट सांगता येते. लक्ष्मी किंवा सरस्वती पहिल्या दिवशी नको. का, तर या खेळात मुलं झूम करतात, चेहरा खोडतात, हात सरकवतात, हंसाला हिरवा रंग देतात. एखाद्या घरी पोराने टॅब दाखवला आणि त्यात देवीचं डोकं उडालेलं असलं, की दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आजी उभी. दमयंतीबद्दल कुणी तक्रार करत नाही.

चित्राची चांगली प्रत मिळव, हे फार महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून चोथा झालेली फाईल घेतलीस तर साडीच्या चुणीऐवजी नुसते चौकोन दिसतील. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर रविवर्म्यांची बरीच चित्रं आणि जुन्या छापील प्रती मोठ्या आकारात बघायला मिळतात. रविवर्मा 2 ऑक्टोबर 1906 रोजी वारले, म्हणजे मूळ चित्रांवरचा हक्क कधीच संपला. वर्गात वापरायला मुलांना मोकळीक आहे.

ॲपची फार चिंता करू नकोस. लॅपटॉपवर क्रिता फुकट आहे, मोबाईलवर आयबिस पेंट चालतं, आणि विंडोज 11 मधल्या साध्या पेंटमध्येही आता लेअर आले आहेत. ॲपमध्ये फक्त दोन गोष्टी हव्यात. लेअर, आणि लेअर एकमेकांत मिसळायची 'मल्टिप्लाय' नावाची पद्धत. ही दुसरी सोय पेंटमध्ये नाही, म्हणून संगणकावर क्रिताच बरं. बाकी शंभर ब्रश आहेत, स्टिकर आहेत, फिल्टर आहेत, ते उघडूच देऊ नकोस. मोबाईलवर काम सुरू करताना फ्लाइट मोड लावायला सांग. जाहिराती थांबतात, आणि मामाचा फोन येऊन दमयंती अर्धवट राहत नाही.

रंगवायला लागण्याआधी मात्र एक खेळ. चित्रावर रंग उचलायचं ते ड्रॉपर असतं ना, ते मुलांच्या हाती दे आणि विचार, "हंस कोणत्या रंगाचा?" सगळी एका सुरात म्हणतील, पांढरा. मग म्हण, हंसाच्या पोटाखाली ड्रॉपर टेकव. रंगाच्या चौकोनात येतो मळकट राखी. मानेपाशी टेकव, पिवळसर. पाठीवर, सायीसारखा. पांढराशुभ्र कुठे सापडतोय का शोधा म्हण, पोरं पाच मिनिटं मान वर करणार नाहीत. तैलरंगात सावली आणि उजेडाने वस्तूला गोलाई आणायची ही युरोपीय पद्धत. रविवर्म्यांनी ती बघून बघून, धडपडून आत्मसात केली. त्रावणकोरच्या दरबारात 1868 साली थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार आला होता, त्याचं काम त्यांनी जवळून पाहिलं. हे सगळं तू त्या राखी रंगाच्या चौकोनाकडे बोट दाखवून दोन वाक्यांत सांग. वेगळं व्याख्यान लागत नाही.

आता मुख्य काम. सगळ्यात खाली एक पूर्ण पांढरा लेअर ठेव. त्यावर दमयंतीचं चित्र, थोडं फिकं करून, नुसतं बघायला. त्यावर चार रिकामे लेअर: पिवळा, गुलाबी, आकाशी, करडा. चौघांनाही मल्टिप्लाय लाव. आणि इथे नीट ऐक, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांची गाडी इथेच अडते. पोरं पेटीतला गडद निळा उचलतात आणि पिवळ्यावर टाकतात, मग हिरव्याऐवजी काळं होतं. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा मल्टिप्लाय केले की स्क्रीनवर काळंच येतं, ॲपचा दोष नाही. म्हणून निळ्याऐवजी आकाशी घे आणि लालऐवजी राणी-गुलाबी. मग पिवळ्यावर आकाशी पडला की झाडाची पानं उमटतात आणि पिवळ्यावर गुलाबी पडला की साडी लाल होते. शाईचा गुण असाच असतो, वरच्या शाईतून खालची दिसते.

टॅब कमी आहेत म्हणून रडू नकोस. तीन-चार पोरांत एक टॅब, आणि एकेका पोराला एक रंग. ज्याच्याकडे पिवळा, त्याने फक्त पिवळा शोधायचा. तो आधी फक्त दागिने रंगवून "झालं" म्हणेल. त्याला परत बसव. विचार, अंगाच्या रंगात पिवळा नाही का? साडीच्या लालमध्ये? झाडांत? थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येतं की चित्राचा बहुतेक भाग त्याचाच आहे, आणि त्याची कॉलर ताठ होते. करड्या रंगवाल्याला वाटतं आपल्याकडे उरलंसुरलं आलं. शेवटी त्याचाच लेअर चालू केल्यावर नाक-डोळे, चुण्या, केसांची वळणं उभी राहतात, तेव्हा त्याचंही समाधान होतं. फिक्यापासून गडदाकडे हा क्रम मात्र पाळ.

मग तो डोळ्याच्या चिन्हाचा क्षण. खालचं फिकं मूळ चित्र बंद करायचं, आणि चार लेअर एकेक करून उघडायचे. नुसता पिवळा: कुणाला काही ओळखू येत नाही, एक कावीळ झालेली सावली. गुलाबी उघडला: अगंबाई, माणूस दिसतोय. आकाशी, मग करडा. हे वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवता आलं तर दाखवच. आणि घाईने एकदम चारही उघडू नकोस, प्रत्येक फेरीला थोडं थांब.

यानंतर थोडा चावटपणा करायचा. गुलाबीचा लेअर धरून किंचित उजवीकडे सरकवायचा. दमयंतीची साडी अंगावरून निसटते, ओठ गालावर जातात. पोरं खदाखदा हसतात. हसू दे. मग विचार, छापखान्यात दगड हाताने बसवायचे, कागद माणूस लावायचा, प्रत्येक रंगाला नव्याने, तर हे घसरत कसं नव्हतं? इथे त्यांना चित्राच्या चार कोपऱ्यांवर अधिकची बारीक खूण करून दाखव. प्रत्येक दगडावर त्याच जागी खुणा असायच्या, त्या जुळवूनच रंग बसवायचा. आणि पुढचा प्रश्न मुलांवर सोडून दे. दमट हवेत कागद थोडा फुगतो, आणि रविवर्म्यांचा छापखाना पुढे होता तो मळवलीला, लोणावळ्याशेजारी. तिथल्या जुलैत काय होत असेल?

मळवली म्हटल्यावर तुझी पुण्याची पोरं चमकतील, कारण लोकलने कार्ले-भाजे लेणी बघायला गेलेली असतात. छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचे. या प्रकारच्या छपाईला लागणारा उत्तम चुनखडीचा दगड बव्हेरियातून येई, कारण दगडावरून छापायची ही रीत मुळात तिथेच 1796 साली आलोइस सेनेफेल्डरने शोधली. मेणचट पेन्सिलीने दगडावर काढायचं, दगड ओला करायचा, शाई लावायची. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, मेणचट रेघेवर धरते. हे मुलांना करून दाखवायचं असेल तर एका ताटलीत पाणी आणि तेलाचे चार थेंब पुरे. पुढे मुंबईत प्लेगचे दिवस आले, आणि 1899 मध्ये छापखाना मळवलीला हलला. व्यवहारात रविवर्म्यांचे हात पोळले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. तरी 'रविवर्मा प्रेस' हे नाव पुढे कितीतरी वर्षं चित्रांच्या तळाशी छापत राहिलं. दादासाहेब फाळक्यांनीही काही काळ या प्रेससाठी काम केलं, आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणला. देव कागदावरून पडद्यावर गेले, त्या वाटेत मळवली लागते, एवढं सांगितलंस तरी सातवी-आठवीची मुलं कान टवकारतात.

थोडी मोठी मुलं असतील तर त्यांना ठिपक्यांचं काम दे. नियम असा: रंग फिका करायचा नाही. फिकं दाखवायचं तर ठिपके विरळ, गडद दाखवायचं तर दाट. संपूर्ण चित्र नको, दमयंतीचा एक हात पुरे, कोपरापासून बोटांपर्यंत. दगडावर काम करणारे कारागीर असंच टिंब टिंब करत सावली आणत. त्यांची नावं आपल्याला फारशी ठाऊक नाहीत. आठ इंची टॅबवर एक हात करताना मनगट भरून आलं की "बाई, हे लोक दिवसभर करायचे?" असा प्रश्न येतो. तो येण्यासाठीच हा उद्योग. या फेरीपुरतं अनडू बंद. एरवी अनडूला माझा विरोध नाही, काही जुनी शिक्षकमंडळी त्याच्या नावाने बोटं मोडतात ते मला पटत नाही. चुकून बघायची भीती गेली तर बरंच आहे. पण दगडावर चुकलेलं टिंब काढणं म्हणजे काय कटकट, हे एकदा तरी कळावं.

आणखी एक फेरी आरशाची. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर सगळं उलट काढावं लागे, अक्षरंसुद्धा. ॲपमध्ये कॅनव्हास आडवा उलटवायची सोय असते. मुलांना आधी स्वतःचं नाव देवनागरीत उलटं लिहायला सांग, मग कॅनव्हास उलटव आणि बघ. 'श्र' आणि 'ज्ञ' असलेल्यांची फजिती होते.

घरी द्यायचा अभ्यास म्हणजे भिंग. जुन्या घरात, आजोळी, एखाद्या जुन्या दुकानात काचेआड जुनं देवाचं चित्र असेल तर त्याच्यावर भिंग धरायचं, भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम. ठिपके सगळे एकसारखे, रांगेत, जाळीसारखे दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ दिसले, तर बहुधा दगडावरची जुनी छपाई. मग तळाची पट्टी वाचायची, कुठे प्रेसचं नाव सापडतं का. चित्र खिळ्यावरून काढायचं नाही, काच उघडायची नाही, हे दोनदा बजाव. जुना कागद हातात घेतला की तुटतो, आणि मग मला शिव्या.

एक सापळा आहे, त्यात तू अडकू नकोस. हातात दिवा घेतलेली, बोटांतून उजेड झिरपणारी ती बाई तुला माहीत आहे. निम्म्या इंटरनेटवर तिच्याखाली रविवर्म्यांचं नाव असतं. ते चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. मूळ सावंतवाडीचे, आपल्या कोकणातले. रविवर्मा गाजले तैलरंगांसाठी, हे चित्र जलरंगातलं, आणि मॉडेल हळदणकरांची स्वतःची मुलगी. गोंधळ का झाला असेल? ते चित्र आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, आणि रविवर्म्यांची चित्रंही तिथेच टांगलेली. हे गुपित लगेच सांगू नकोस. हे चित्र आणि रविवर्म्यांचं एखादं चित्र शेजारी ठेव, म्हण, यातलं एक रविवर्म्यांचं नाही, कोणतं ते सांगा आणि कशावरून ते दाखवा. इतके दिवस रंग उसवून झालेली मुलं झूम करतील, कडा बघतील, रंग किती झिरपलेला आहे ते बघतील. उत्तर चुकलं तरी चालेल, बोट चित्रावर टेकलं पाहिजे.

त्याच राजवाड्यातलं रविवर्म्यांचं 1889 चं एक चित्र मुलींना हमखास आवडतं, अकरा बायका एकत्र जमल्या आहेत, कुणाच्या हातात वाद्य, आणि एकेकीचा पेहराव वेगळा. कोण कुठली ते ओळखायचं, पदर कुणाचा कसा ते बघायचं, आणि मग एका लेअरवर बारावी बाई आपल्या घरातली काढून बसवायची. आजी, आत्या, कामाला येणाऱ्या मावशी, कुणीही. इथे गिरवायला बंदी नाही. एका मुलाने गाऊनवरची आजी बसवली तर हसण्यावारी नेऊ नकोस, विचार फक्त, उजेड बाकीच्यांवर ज्या बाजूने येतोय, आजीवर त्याच बाजूने येतोय का.

मोठी मुलं वाद घालतील की हा माणूस राजेरजवाड्यांचा चित्रकार, किंवा याच्या देवी नाटकातल्या नट्यांसारख्या दिसतात. घालू दे. बंगालच्या नव्या चित्रकारांचाही त्यांच्यावर तोच आक्षेप होता. दुसरी बाजूही सांग, की छापील चित्र थोडे पैसे देऊन कुणालाही घेता येई, आणि ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या भिंतीवरही देव आले. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. आणि कुणी "एआयला सांगितलं तर दमयंती दोन सेकंदांत येईल" म्हणालं, तर म्हण, आण. आलेल्या चित्रावर ड्रॉपर टेकव आणि उजेड कुठून येतोय ते शोध. तोही तास चांगला जातो.

जमलं तर शेवटी औंधला सहल ने, साताऱ्याकडे. पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रं आहेत. स्क्रीन चित्राला उजळ दाखवते, आणि तिच्यावर रंगाची जाडी कळत नाही. प्रत्यक्ष तैलचित्राकडे तिरकं उभं राहून बघितलं की ब्रशचे फटकारे चमकतात. मोबाईल पिशवीत ठेवायला लाव, निदान पहिली पंधरा मिनिटं.

आता प्रदर्शनाचं. चारही लेअर वेगवेगळे पीएनजी म्हणून सेव्ह कर, आणि झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर छापून घे, एका शीटवर एक रंग. रंगीत प्रिंटला किती घेतो ते आधी विचार, आणि शीट लेझर प्रिंटरची घेतोय ना ते बघ, नाहीतर शाई पुसली जाते. चार शीट एकावर एक धरून खिडकीला लावायच्या, येणाऱ्याने हाताने सरकवून बघायच्या. खाली पट्टीवर सगळ्या पोरांची नावं घाल, कुणाचा पिवळा, कुणाचा करडा, त्यासकट. मूळ फाईली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला विसरू नकोस, सुटी संपली की आया मोबाईल साफ करतात.